अठ्ठावीस टक्के

"मिलिअँपिअर सांगू नका, वॉट-अवर सांगा," मी म्हटलं आणि काउंटरमागच्या दुकानदाराचा चेहरा पडला.

त्याने माझ्यासमोर सात पॉवर बँका मांडल्या होत्या. प्रत्येकीवर लाखाच्या घरातला आकडा सोनेरी अक्षरांत छापलेला. मिरजेत तेहतीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलेल्या बाईसमोर असले आकडे नाचवायचे नसतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

"पाहुण्यांना पाणी किती दिलं असं विचारलं आणि तुम्ही नुसतं 'पन्नास पेले' म्हणालात, तर पेला केवढा ते कळायला नको?" मी पुढे सरसावले. "मिलिअँपिअर-अवर म्हणजे नुसते पेले. त्याला व्होल्टनं गुणा, हजारानं भागा, मग आत खरी वीज किती ते कळतं. विमानवाले तेच बघतात आणि आमचा पंपही तेच बघतो."

"पंप? विहिरीवरचा?"

"हा इथला," माझी भावजय चारुशीला स्टुलावरून म्हणाली आणि तिने छातीवर बोट टेकवलं. तिच्या कमरेच्या पट्ट्याची वायर दुकानाच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये आधीच गेली होती. कुठेही शिरलं की माणसांकडे बघण्याआधी ती सॉकेट शोधायची. चार वर्षांत तिला ही सवयच लागली होती.

चारू माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना धरून आहोत. म्हणजे मी हुकूम सोडते आणि ती "होय की ताई" म्हणून स्वतःला हवं तेच करते. एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर होती. मिरज-जत, मिरज-चिकोडी अशा फेऱ्यांमध्ये तिने लाखो लोकांना जागा करून दिली, पण कंडक्टरची सीट दाराशी. स्वतः कधी खिडकीत बसली नाही. निवृत्त झाल्यावर फिरायचं ठरवलं आणि हृदयानेच संप पुकारला.

डॉक्टरांनी तिच्या हृदयाला पेढ्याएवढा पंप जोडून दिला. हा पंप ठोके देत नाही. आतलं इवलंसं चाक सतत फिरतं आणि नळाच्या धारेसारखं रक्त अखंड वाहत राहतं. त्यामुळे चारूच्या मनगटाला नाडी जवळजवळ लागतच नाही. पहिल्यांदा मी तिचा हात धरला तेव्हा घाबरून सोडूनच दिला होता. अगदी जवळ बसलं आणि भोवती शांतता असली, की एक बारीक घुं तेवढी ऐकू येते. त्या घुंला पाच वॉट लागतात, आमच्या देवघरातल्या झिरोच्या दिव्याइतकी वीज. ती पट्ट्यातून कातडीच्या आरपार आत जाते. पट्टा भरलेला असला की सहा तास चालतो.

सहा तास म्हणजे चारूचं सगळं जग. तेवढ्या वेळात परत सॉकेटजवळ पोचायचं. बेंगळुरूला राहणारी तिची मुलगी ईशानी गेले वर्षभर मागे लागली होती, की आई, मिरजेचं घर बंद कर आणि माझ्या फ्लॅटवर ये, इथे दोन इन्व्हर्टर आहेत, नर्स ठेवू. पोरीचं काही चुकत नव्हतं. पण चारूला आपली गल्ली, आपला कट्टा आणि आपल्या दाराची किल्ली सोडायची नव्हती.

अशात घनसेलच्या बँका बाजारात आल्या. जुन्या बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये पातळ द्रव असायचा, तापला की पेट घ्यायचा. म्हणून तिच्यात वीज जपून, कमीच भरायची. घनसेलमध्ये द्रवाच्या जागी चिनी मातीसारख्या पदार्थाचा पापडाहून पातळ थर असतो. तो पेटत नाही, त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त वीज मावते. साबणाच्या वडीएवढ्या एका बँकेत तीनशे वॉट-अवर! चारूचा पंप तिच्यावर दोन दिवस आरामात चालेल. त्यातल्या दोन मी बाजूला काढायला लावल्या.

"आता चार्जर," मी म्हटलं.

चारूने तोवर एक गुळगुळीत, सुपारीएवढा चार्जर हातात घेतला होता. "हा घेऊ या की ताई. बांगड्यांच्या डबीत मावेल."

चार्जर इतके लहान कसे झाले, हे सांगायची संधी मी सोडणं शक्यच नव्हतं. भिंतीतल्या विजेचे तुकडे करून ती उपकरणाला झेपेल अशी द्यायची, हे चार्जरचं काम. मोठी बादली सावकाश उपसण्याऐवजी लहानसा तांब्या भराभर उपसला तरी तेवढंच पाणी निघतं. तुकडे जितके झटपट, तितकी आतली गुंडाळी लहान. जुनं सिलिकॉन या घाईत तापायचं, गॅलियम नायट्राइड तापत नाही. "म्हणून हा सुपारीएवढा," मी म्हटलं, "पण आपल्याला हा नको. तो तिकडचा द्या."

मी दाखवलेला चार्जर खोडरबराच्या दोन वड्या जोडल्यासारखा, ओबडधोबड होता. त्याला पाच तोंडं होती, म्हणून दुकानात त्याला पंचमुखी म्हणत. कुठल्याही तोंडातून वीज देता येते आणि कुठल्याही तोंडातून घेताही येते. पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या बँका लावल्या तरी तो प्रत्येकीशी आधी बोलून घेतो, कुणाला किती झेपतं ते विचारतो आणि सगळ्यांची वीज एका धारेत करून पुढे पाठवतो. एखादी बँक मध्येच संपली तरी पोटातल्या साठ्यावर क्षणभर तग धरतो आणि दुसरीवर जातो. मुख्य म्हणजे हृदयाच्या पंपाला चालतो असा शिक्का त्याच्यावर होता.

"एवढी तोंडं कशाला ताई?" चारू म्हणाली. "मला हृदय एकच आहे की."

"घे म्हणते ना," मी म्हटलं. त्या दिवशी मला पुढचं काही दिसत होतं असं मुळीच नाही. मला फक्त सगळ्यात शहाणी वस्तू हवी होती.

हे सगळं कशासाठी, तर ब्रह्मपुत्रेसाठी. आसामच्या एका ग्रुप टूरची जाहिरात चारूने पाहिली होती. नदीच्या एका लांब पट्ट्यात डॉल्फिनांसाठी मोटरबोटींना बंदी आहे. तिथे वल्ह्यांच्या मोठ्या लाकडी होडीतून जायचं, वाळूच्या बेटावर तंबूत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. तीस तास सॉकेट नाही. चारूला तेच तर हवं होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण हवी त्याच्या दुप्पट वीज जवळ असली तरच. ईशानीनेही दिली, पण तिची अट कडक होती. "आत्या, एक जरी गडबड झाली तर पुढच्या महिन्यात आई बेंगळुरूला. कायमची. आणि वाद घालायचा नाही."

"कबूल," मी म्हटलं. गडबड माझ्या हातून होईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता चूक कशी झाली ते सांगते.

एवढीशी वस्तू एवढी वीज पोटात घेऊन विमानात बसणार म्हटल्यावर विमानवाल्यांना धास्ती वाटणारच. त्यामुळे नियम असा, की बँक मोठी असो की लहान, विमानात ती तीस टक्क्यांहून जास्त भरलेली चालत नाही. अंगावरच्या वैद्यकीय पट्ट्याला तेवढी सूट. तपासायला माणूस लागत नाही, बँकच आपली राखण करते. विमान चढताना हवेचा दाब झपाट्याने उतरतो. तेव्हा पोटात तीसच्या वर वीज असली तर बँक स्वतःला कुलूप लावून घेते, ते बरोबर बहात्तर तासांनी उघडतं. मधल्या काळात ती वीज देत नाही आणि घेतही नाही, मग समोर कुणी का असेना. हा नियम मी चारूला, शेजारणींना, दूधवाल्यालासुद्धा महिनाभर समजावून सांगत होते.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतला विजेचा डीपी जळला, घरात वीज नाही. माझी तिळाच्या लाडवांची तयारी अर्धवट, इस्त्री व्हायची होती. मी चारूकडे गेले.

"माझ्या दोन्ही बँका न्या की ताई," ती म्हणाली. "नाहीतरी उद्याच्या आत रिकाम्याच करायच्यात."

हल्ली मिक्सर आणि छोटी इस्त्री अशा बँकांवर चालतात. मी तीळ आणि दाणे फिरवले, सहा साड्यांना इस्त्री केली, वर मोबाइल भरला. संध्याकाळपर्यंत दोन्ही बँका बावीस टक्क्यांवर आल्या. अगदी हव्या तशा! वीज परत आली. पहाटे उठून मी चहा टाकला, बँका परत द्यायच्या म्हणून हातात घेतल्या आणि चार्जिंगला लावल्या.

का लावल्या? वळण. दुसरं कारण नाही. आमच्या आईने आम्हाला एकच गोष्ट मारून मुटकून शिकवली. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. शेजारून वाटीत विरजण आलं तर वाटी परत जाताना तिच्यात चमचाभर साखर तरी जाते. साठ वर्षं हाताला लागलेलं वळण डोक्याला विचारत नाही. डोकं गाडीच्या वेळेचा विचार करत होतं. चहा पिऊन, अंघोळ आटपून होईतो बँका काठोकाठ भरल्या. मी त्या पुसल्या, चारूच्या लाल बटव्यात ठेवल्या आणि वर दोन तिळाचे लाडूही ठेवले. समाधानाने बटवा बांधला. तेव्हा मनात आलेला विचार मला नेमका आठवतो. चारूला बरं वाटेल, असा तो विचार होता.

कोल्हापूरच्या विमानतळावर ग्रुप जमला. आम्ही धरून एकवीस जण आणि पल्लवी नावाची टूर मॅनेजर. जमल्या जमल्या माझं एका गृहस्थांशी वाजलं. डोंबिवलीचे अनंत घैसास. गळ्यात कॅमेरा, पाठीवर कॅमेरा, आणि खिडकीची सीट मलाच हवी असा हट्ट. डॉल्फिनचा फोटो काढायला ते तिसऱ्यांदा निघाले होते, आधीच्या दोन्ही खेपा फुकट गेलेल्या. "बाई, तुम्हाला खिडकीचं एवढं काय?" असं त्यांनी विचारलं. मीही आवाज चढवून त्यांना सांगितलं, की माझ्या भावजयीने सत्तावीस वर्षं दाराशी उभं राहून काढली आहेत.  खिडकी चारूला मिळाली.

विमान वर चढलं तेव्हा चारूचं नाक काचेला चिकटलेलं होतं. "ताई, कृष्णा बघा! केवढीशी दिसते!" थोड्या वेळाने तिने बटवा उघडला, लाडू पाहून हसली आणि एक मला दिला. लाडवांखाली काय आहे हे मला तेव्हाही सुचलं नाही.

जोरहाटच्या हॉटेलात पोचेतो संध्याकाळ झाली. चारू खाटेवर बसून पट्ट्याची वायर सॉकेटला लावत होती. मी बँका भरायला म्हणून बटवा उघडला. दोन्हींवर लाल दिवा. बटण दाबलं. पडद्यावर कुलपाचं चित्र आणि खाली शंभर टक्के.

 मी खाली फरशीवर बसले.

"चारू, मी त्या भरल्या," मी म्हटलं.

"कधी?"

"सकाळी. तुला परत देताना."

 तिने पायातल्या चपला काढून नीट भिंतीशी लावल्या आणि सॉकेटच्या बाजूला सरकून बसली. "तुम्ही जाऊन या ताई," ती म्हणाली. "मी इथे बसते. मला सवय आहे की."

चिडली असती तर मला सोसलं असतं. तिने एक अक्षरही बोल लावला नाही, ते जास्त लागलं. एवढा खटाटोप करून, दोन हजार किलोमीटर येऊन ती पुन्हा एका भिंतीशेजारी बसली होती. आणि पुढच्या महिन्यात बेंगळुरूची भिंत. बाजारातून नव्या बँका आणाव्यात म्हणून मी खाली धावले, तर दुकानांचा नेमका सुटीचा दिवस. उद्या सकाळी सहाला होडी सुटणार.

जेवणघरात ग्रुपची ओळखपरेड चालू होती. आपल्या टूरवर हा कार्यक्रम चुकत नाही. एकेकाने उभं राहून नाव, गाव, छंद सांगायचे. पल्लवी म्हणाली, "नयनामावशी, आता तुम्ही."

मी उभी राहिले. "मी नयना देशिंगकर, मिरज. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि आज सकाळी नापास झाले." मग मी सगळं सांगितलं. पंप, पट्टा, डीपी, लाडू, बँका.  "माझ्याकडे एक चार्जर आहे, त्याला कुणाचीही बँक चालते. तुम्ही सगळ्यांनी नियम पाळलाय, तुमच्या बँका उघड्या आहेत. रात्रभर इथे भरता येतील. पण त्या चारूला दिल्या तर तीस तास तुमचे मोबाइल, स्मार्ट चष्मे, कॅमेरे भरता येणार नाहीत, बंद पडतील. तुम्ही पैसे भरून आलाय, मला मागायचा काही हक्क नाही. पण मागते."

 मागच्या टेबलावरून घैसासांचा आवाज आला.

"किती वॉट-अवर हवेत?"

इतक्या वर्षांत कुणीतरी मला बरोबर एककात प्रश्न विचारला होता. मला रडूच आलं. "दीडशे लागतील. डॉक्टरांची अट दुपटीची, म्हणजे तीनशे."

घैसास उठले, खोलीत गेले आणि चार बँका घेऊन आले. "या एकशे साठ. कॅमेऱ्याच्याच आहेत, पण चांगल्या आहेत."

"आणि तुमचा फोटो?"

"दोन खेपा डोळा कॅमेऱ्याला लावून होतो," ते म्हणाले. "एकदा नुसता बघतो."

त्यांच्यामागून सगळे उठले. सांगलीच्या ढवळीकर आजींनी ब्लाउजच्या खिशातून गुलाबी बँक काढली, नातीने दिलेली. नवीन लग्नाच्या जोडप्याने दोघांत मिळून एक ठेवायची की दोन्ही द्यायच्या यावर कुजबुज केली आणि दोन्ही दिल्या. टेबलावर सत्तावीस बँका जमल्या. काही ओरखडलेल्या, काहींवर लहान मुलांची स्टिकरं. मी चिकटपट्टीवर एकेकाचं नाव लिहून लावत गेले. 

चारूला मी हाताला धरून खाली आणलं. तिने टेबलाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. आणि हात जोडले.

"ईशानीला कळवायचं नाही असं मला वाटलं होतं," तिने नंतर मला सांगितलं. "पण एवढ्या लोकांनी उघडपणे दिलं, ते मी लपवून कसं घेऊ?" तिने स्वतःच मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. माझी चूकसुद्धा. मोबाइल टेबलावरून फिरवला. पलीकडे ईशानी एकेक बँक, एकेक नाव बघत होती.

"आत्या, बेरीज किती?" तिने विचारलं.

"चारशे दहा. तिप्पट भरायला थोडीच कमी."

ईशानीने डोळे पुसले. "डॉक्टरांशी मी बोलते," ती म्हणाली. मला वाटलं, संपलं. पाऊण तासाने तिचा निरोप आला. चार शब्दांचा. *आई, कडेला बस हं.*

सकाळी सहाला होडी सुटली. चारू कडेला बसली, मांडीवर पंचमुखी, त्याच्या चार तोंडांत चार बँका आणि पाचव्यातून पट्ट्याला वायर. सगळे बसल्याची खात्री करून तिने सवयीने माणसं मोजली आणि होडीच्या फळीवर दोनदा टकटक केलं. डबल बेल. सगळे हसले. नावाड्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने वल्हं मारलं.

पंचमुखीच्या पडद्यावर कुठल्या तोंडातून वीज येतेय ते दिसायचं. चारूने लगेच आपला जुना आवाज काढला. "आता ढवळीकर आजींवर चाललेय! पुढचा स्टॉप घैसास!" आजी एवढ्या खूश झाल्या, की त्यांनी स्वतःला विमा कंपनीतल्या अख्ख्या नोकरीत कधी मिळाला नाही एवढा मान मिळाल्याचं सगळ्यांना सांगितलं. गुलाबी बँक संपली तेव्हा मी श्वास धरून होते. पडद्यावर नाव बदललं, चारूला कळलंही नाही.

दुपारी पाण्यावर वारा पडला. नावाड्याने वल्ही वर घेतली आणि बोट ओठांवर ठेवलं. श्श्, असा आवाज आला, कुणीतरी उसासा टाकल्यासारखा. होडीपासून पंधरा हातांवर एक करडी पाठ वर आली, लांब चोच दिसली आणि गेली. मग दुसरी. मग पिल्लू घेऊन एक आई.

बावीस माणसं, आणि एकाच्याही हातात मोबाइल नाही. घैसासांचा हात गळ्याशी गेला, तिथे काही नाही असं कळून परत आला. ते तोंड उघडं टाकून बघत होते. आपल्या लोकांना इतकं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या शांततेत मला शेजारून ती बारीक घुं ऐकू आली.

ती घुं त्या क्षणी घैसासांच्या विजेवर चालली होती. त्याआधी आजींच्या, त्या जोडप्याच्या. काल सकाळी यातल्या कुणालाही आम्ही ओळखत नव्हतो. मला या माणसांचे उपकार कसे फेडायचे ते कळेना. मी चारूचा हात धरला. नाडी लागली नाही, पण यावेळी मी हात सोडला नाही.

"ताई," तिने पाण्यावरून नजर न काढता विचारलं, "खिडकीतून असं दिसतं होय?"

रविवारी दुपारी आम्ही परत आलो तेव्हा अर्ध्याहून जास्त वीज शिल्लक होती. ईशानीचा कॉल आला. आईने तिला डॉल्फिनांचं पिल्लू कसं होतं ते सांगितलं, दोनदा सांगितलं. शेवटी ईशानी म्हणाली, "बेंगळुरूचं राहू दे आई. मे महिन्यात मी मिरजेला येते, मग आपण दोघी कुठेतरी जाऊ. तो ओबडधोबड चार्जर मात्र घेऊनच."

सोमवारी सकाळी नऊला बहात्तर तास भरले. लाल बटव्यातल्या दोन्ही बँकांवर हिरवा दिवा लागला. शंभर टक्के, काठोकाठ. आणि दुपारी तर विमान! पुन्हा तोच नियम, तीसच्या खाली आणायच्या. मी हॉटेलची इस्त्री शोधायला निघाले.

"थांबा ताई," चारू म्हणाली. "लोकांच्या बँका किती आहेत?"

"पार शून्यावर आणल्यात. कालपासून सगळ्यांनी मोबाइल भरून घेतले."

तिने जेवणघरातल्या त्याच टेबलावर पंचमुखी मांडला. एका तोंडात आमची भरलेली बँक, उरलेल्या चारांत लोकांच्या चार. पडद्याकडे बघत बसली. अठ्ठावीसचा आकडा आला की ती बँक काढायची, दुसरी लावायची. सत्तावीस बँका झाल्यावर उरलेली जास्तीची वीज मी इस्त्रीत घालवली, तेव्हा आमच्या दोन्ही बँका पंचविसावर आल्या. माझी चूक तिने सत्तावीस ठिकाणी वाटून टाकली.

बस दाराशी लागली. चारू सामानाशेजारी उभी राहिली आणि चिकटपट्टीवरची नावं वाचून एकेकाला हाक मारू लागली. पहिले घैसास आले. त्यांनी बटण दाबून पाहिलं.

"अठ्ठावीस? अहो वहिनी, विमानातच बसायचंय. रिकाम्याच दिल्या असत्या तरी चाललं असतं की."

"नाही चालत," चारू म्हणाली. "आमच्या घरात भांडं रिकामं परत देत नाहीत. आमच्या सासूबाईंचं वळण आहे."

माझे डोळे भरून आले. मी बसच्या पायरीवर तशीच उभी राहिले, उतरणाऱ्या-चढणाऱ्यांच्या वाटेत. चारूने पुढची बँक उचलली, नाव वाचलं आणि माझ्याकडे न बघताच आवाज दिला.

"ढवळीकर आजी, या! आणि ताई, दारात उभ्या राहू नका. पुढे सरका, खिडकीत जागा आहे."